नोबुचा हात

"लाज बाळगा. ही कॉल साइन ज्यांची, ते गेले. त्यांची कळ मुकी झाली. तुम्ही कोण?"

हेडफोनमधून मोर्सच्या छोट्या ठिपक्यांत नि लांब टोल्यांत एवढं आलं आणि हवा रिकामी झाली. नोबुएचा हात पितळी कळेवर होता तिथंच राहिला. मोर्सवाली माणसं आपल्यातला कुणी गेला तर मेला म्हणत नाहीत, कळ मुकी झाली म्हणतात. हे शब्द तिनं स्वतः कितीतरी जणांसाठी हवेवर सोडले होते, आधी पुटपुटत अमिदा बुद्धाचं नाव घेऊन. आज ते तिच्याच दारात परत आले होते, आणि आले होते तोगाशीच्या हातून. तोगाशीचा हात ती झोपेतसुद्धा ओळखेल. पट्टीनं आखल्यासारखा सरळ, प्रत्येक टोला मापात, दातांच्या डॉक्टरचाच हात. तीस वर्षं दर रविवारी सकाळी ती या माणसाशी बोलत आली होती. नवरा गेल्यावरचा एकोणपन्नासावा दिवस होईपर्यंत तिनं रेडिओच्या सेटला हात लावला नव्हता. परवा तो विधी पार पडला, काल भांडीकुंडी जागेवर गेली, आज तिनं जिना चढून वरच्या खोलीतला सेट लावला, तो तापून पडदा उजळेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसली, आणि मग चकतीवरच्या नेहमीच्या जागी आपली कॉल साइन, परवान्यावरची आपली खूण, पाठवून नेहमीच्या माणसांना हाक घातली. मी आले, एवढंच तिला सांगायचं होतं.

तिनं पुन्हा हाक घातली. उत्तर नाही. पडद्यावर ते दिसायला लागलं. या महागड्या सेटचा पडदा म्हणजे एक धबधबाच. हवेतला प्रत्येक आवाज तिथं एक उजळ धागा होऊन खाली ओघळत राहतो. नेहमीच्या जागेवरचे धागे एकेक करून तुटले आणि बोटभर उजवीकडे, एकामागून एक, पुन्हा उमटले. सगळे उठून दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसले होते. साध्या सेटवर नुसती सामसूम झाली असती, बाईला वाटलं असतं, आज हवा खराब आहे. या सेटनं तिला वाळीत टाकलं जाताना नीट, रंगांत दाखवलं. या सेटच्या पोटात दोन कान आहेत. एकाच वेळी दोन जागा ऐकता येतात, एक उजव्या कानात, एक डाव्या. उजवा कान तिनं तिच्या रिकाम्या जागेवर ठेवला, डावा त्यांच्यामागे पाठवला. कुणीतरी विचारत होतं, कोण असेल हा हरामखोर. दुसरा म्हणत होता, कुणी पोरगेलं असेल, मेलेल्याचं नाव घेऊन मजा मारतंय. आणि मग तोगाशी, सावकाश, दुखऱ्या दातावर बोट ठेवावं तसा: नालायकानं हातसुद्धा उचललाय. शेवटचा टोला ओढायची नोबुची लकब. हुबेहूब. म्हणून तर जास्त चीड येते.

नोबुएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं हेडफोन काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. तिचा हात तिच्याच हाताची नक्कल करत होता म्हणे. ही लकब तिला कुठून आली ते यांना काय ठाऊक. नोतोच्या किनाऱ्यावरच्या तिच्या गावातल्या देवळात वर्षातून एकदा सूर लावून प्रवचन सांगणारा बुवा यायचा, आणि आई तिला चटईवर पुढ्यात घेऊन बसायची. तो गोष्ट सांगता सांगता गायला लागायचा, गाता गाता रडवायचा, आणि रडण्याच्या अगदी काठावर नेऊन शेवटचं अक्षर असं ओढायचा की मासे सोलणाऱ्या बायांचे खरबरीत हात आपोआप जुळायचे. मग पंखा वर धरून तो थांबायचा. थांबूनच राहायचा. मागून, कोपऱ्यातून, खांबाआडून "नानमानदाबु, नानमानदाबु" अशी अमिदाच्या नावाची पुटपुट उठून सगळ्या देवळाला वेढल्याखेरीज त्याच्या तोंडून पुढचा शब्द येत नसे. हाक घातली की साद आल्यावाचून पुढं जायचं नाही, हे ती तिथं शिकली. शाळेच्या रेडिओ मंडळात पहिल्यांदा कळ हातात आली तेव्हा तिचं मनगट शेवटच्या टोल्याशी आपणहून रेंगाळलं. मास्तर म्हणाले, ही सवय मोड. ती मोडली नाही. आज त्या सवयीपायी ती चोर ठरली होती.

आणि नोबु. नाव तरी कुठं गेलं होतं तिचं? शाळेत असताना पहिल्याच खेपेला तिनं होक्काइदोच्या कुणा माणसाला आपलं नाव पाठवलं होतं, नोबुए. रोमन लिपीत त्यातलं शेवटचं अक्षर 'ई', आणि मोर्समध्ये 'ई' म्हणजे एक ठिपका. सगळ्यांत छोटं अक्षर. त्याच्या आधीच्या 'यू'चा टोला तिनं बुवासारखा ओढला आणि पलीकडच्याला वाटलं, झालं नाव. ठिपका पडायच्या आत तो बोलायला लागला: प्रिय ओम नोबु. आपल्या कानांना तो ओम देवळातला वाटेल, पण हवेवर त्याचा अर्थ म्हातारबा, दोस्त, गडी. मोर्सवाला कुणीही असो, सोळा वर्षांची पोरगी असली तरी पहिल्या हाकेला ओमच. ती तेव्हा हसली होती. मंडळातल्या मुलीही हसल्या होत्या. पुढच्या वेळी ठिपका पुन्हा तसाच गिळला गेला, त्याच्या पुढच्या वेळीही, आणि कधीतरी तिनं तो पाठवायचाच सोडून दिला. एका ठिपक्यावर ती बाई होती; तो गळला की उरायचं नोबु, पुरुषाचं नाव. तेवढाही कुणाच्या कानात मावला नाही.

त्यात योगायोगानं लग्न झालं ते नोबुओ नावाच्या माणसाशी. कौलं बसवणारा माणूस, काळ्या चकचकीत कौलांचा. कानाझावाची अर्धी छपरं त्याच्या गुडघ्यांखालून गेली असतील. त्याला मोर्समधलं एक अक्षर कळत नसे. शाळांच्या स्वयंपाकघरात भाताची पातेली उचलून ती निवृत्त झाली आणि मिळालेल्या पैशांतून तिनं हा सेट आणला, तेव्हा तो जिन्यावरून वर न्यायला दोन गडी लागले, त्यांतला एक नोबुओ. मोठी चकती एका बोटानं फिरवून तो म्हणाला होता, "अगं, हे तर जात्यासारखं जड आणि लोण्यासारखं सुटं." मग कधीही त्यानं सेटला हात लावला नाही. त्याचं काम खांबावर. दर शरद ऋतूत तो अँटेनाच्या खांबावर चढायचा, अँटेना वळवणाऱ्या फिरकीला वंगण घालायचा, खाली उतरून हिवाळ्यातल्या समुद्रावरच्या विजांच्या आधी तार काढून ठेवायचा. सगळ्या गल्लीनं खांबावर बघितला तो नोबुओ. गल्लीत टीव्हीवर रेषा यायला लागल्या तेव्हा मिठाईचे डबे घेऊन घरोघर वाकून माफी मागितली तीही नोबुओनं. "माझाच खुळा छंद, माफ करा," असं तो म्हणाल्याचं तिनं दाराआडून ऐकलं होतं. तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. माणूस आपल्यासाठी दुसऱ्याच्या दारात खोटं बोलतोय, याहून मोठी माया कोणती, असं वाटलं होतं. आज त्याच मायेला तिला जाब विचारावासा वाटला. अहो, तुम्ही माझं ओझं उचललंत ते ठीक. ते उचलताना मलाही उचलून फडताळात ठेवलंत.

देव्हाऱ्यात त्याचा फोटो होता, खांबावरचाच, हेल्मेट घातलेला, मागे अँटेना, दात दाखवून हसणारा. त्यात तो सगळ्यांत जास्त स्वतःसारखा दिसत होता म्हणून तिनं निवडलेला. आणि अंत्यविधीच्या आदल्या रात्रीच्या जागराला, पेपरातली निधनवार्ता वाचून, तोगाशी आला होता, दोन जणांना घेऊन, काळ्या टायमध्ये, तीस वर्षांत पहिल्यांदाच समोरासमोर. मोर्सवाल्यांच्या मंडळाच्या बैठका दारूच्या, म्हणून ती कधी गेलीच नव्हती. त्यानं फोटोकडे बघितलं, अँटेनाकडे बघितलं, उदबत्ती लावली आणि तिच्याकडे वळून म्हणाला होता, "वहिनी, नोबुसानांच्या हातासारखा हात पुन्हा होणे नाही." तिच्या डोळ्यांसमोर कौलांनी घासून गुळगुळीत झालेली, नखांत चुना भरलेली ती बोटं आली. ती कपाळ चटईला टेकवून रडली होती. "तुम्ही ओळखलंत त्यांचा हात," असंही म्हणाली होती. शिवाय त्यानं हळूच सेटचं काढलं होतं: तुम्हाला काही घाई नाही, पण तुम्हाला त्याचा काय उपयोग, एकोणपन्नासावा झाला की आम्ही येऊ, चांगल्या घरी पाठवू. असं ते करतात, कुणाची कळ मुकी झाली की बायकोच्या डोक्यावरचं ओझं हलकं करायला जातात. तिला वाटलं होतं, माणूस शोकात काहीतरी भलतंच बोलतोय. ती नुसती वाकली होती. म्हणजे तिनं स्वतःच, कपाळ टेकून, आपल्या मरणावर शिक्का मारला होता. ही चूक तिची होती का? तिनं मनात दहादा उलटून पाहिली आणि दहाही वेळा तिला उत्तर एकच आलं: नाही. बाईसमोर बसून बाईच्या हाताचं कौतुक तिच्या मेलेल्या नवऱ्याला देणाऱ्याची ती चूक.

दुपारी शेजारच्या मिनातोबाई वांग्यांचं लोणचं घेऊन आल्या आणि चपला न काढताच म्हणाल्या, "नोबुएसान, तुमच्या मिस्टरांचा खांब आता उतरवणार असाल ना? वादळाचं भ्या वाटतं हो." नोबुएनं लोणचं घेतलं, आभार मानले, आणि म्हणाली की खांब माझा आहे. मिनातोबाई हसल्या. म्हणाल्या, हो हो, आता सगळं तुमचंच की.

दार लावते न लावते तोच तोगाशी आला. बरोबर कुणी नव्हतं. चेहरा लाल, हातात मिठाईचा डबा, आणि बसायच्या आधीच बोलायला सुरुवात. त्याला फार वाईट बातमी सांगायची होती, वहिनींनी मन घट्ट करावं. कुणीतरी नीच माणूस नोबुसानांची कॉल साइन वापरतोय. आज सकाळी, सगळ्यांसमक्ष. तोगाशी स्वतः उद्याच सरकारी कचेरीत तक्रार देणार होता. मेलेल्या माणसाला छळतात म्हणजे काय, माणसं आहेत की कोण. बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. तिच्या वतीनं तो इतका मनापासून संतापला होता की नोबुएला क्षणभर त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. तिनं जवाचा गार चहा ओतला, योकानची वडी कापली, बशी पुढं सरकवली. मग म्हणाली, "तोगाशीसान, तो नीच माणूस मी."

तो घोट घेता घेता थांबला. मग त्याच्या चेहऱ्यावर एक समजूतदार, ओलसर हसू आलं, तिच्या रागाला तेवढंच कमी होतं. त्यानं विचारलं, मिस्टरांची आठवण येऊन सेट लावलात का? चुकून कळेला हात लागला असेल. होतं असं. त्याच्या ओळखीत एका बाईनं नवऱ्याचा घड्याळी गजर वर्षभर तसाच वाजू दिला होता.

"चुकून हात लागून कॉल साइन उमटत नाही."

"नाही, पण त्यांच्याकडून ऐकून ऐकून..."

"त्यांना मोर्स येत नव्हतं. कौलं येत होती." ती थांबली. आता काय सांगितलं की पटेल? मग तिला अंजीर आठवलं. "दवाखाना बंद केलात त्या दिवशी तुम्ही मागच्या अंजिराखाली खुर्ची टाकून बसलात, आणि संध्याकाळपर्यंत उठला नाहीत. बायकोला सांगितलं पाठ दुखतेय म्हणून. मला सांगितलंत, रडत होतो."

तोगाशीच्या हातातली वडी बशीत गेली. मग तो अगदी हळू, जणू तिचीच लाज राखत म्हणाला, "नोबुसान तुम्हाला सगळंच सांगायचे, नाही का."

इथं नोबुएला कळलं की या माणसासमोर ती काहीही ठेवील ते सरळ उचलून तिच्या नवऱ्याच्या फोटोपुढं वाहिलं जाणार आहे. अंजीर गेलं. उद्या त्याच्या मुलीच्या काडीमोडाबद्दल बोलली तर तेही जाईल. तीस वर्षांतला एकेक रविवार असा खांबावर चढून हेल्मेट घालून हसेल. आवाज थरथरू द्यायचा नाही असं तिनं ठरवलं.

तोगाशीची नजर जिन्याकडे गेली. "मग... एकदा जरा," तो म्हणाला, आणि बोटानं हवेत टकटक केलं. म्हणजे वर चला, कळेवर बसा, वाजवून दाखवा.

"परीक्षा मी सरकारला दिली," नोबुए म्हणाली. "शाळेत असताना. तुम्हाला देणार नाही. माझ्याच घरात, माझ्याच कळेवर, तर मुळीच नाही."

"तसं नव्हतं म्हणायचं, वहिनी."

"वहिनी कुणाची? तुम्ही माझ्या नवऱ्याला त्या जागराच्या रात्रीपर्यंत पाहिलंही नव्हतं. तीस वर्षं ओळखता ते मला. घरी जा. सेट लावा. उन्हं कौलांवरून उतरली की मी हाक घालीन, आपल्या जुन्या जागेवर. ऐकायचं तर ऐका."

"पण तुम्ही सांगायचं तरी," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याच्या सुरात तक्रार आली. "एकदा तरी."

"सांगितलं होतं. एक ठिपका होता. कुणी थांबलं नाही त्याच्यासाठी."

तो उठला. दारात बूट घालताना त्याला एकदम काहीतरी सुचलं असावं, कारण त्याची मान कानापर्यंत लाल झाली. पाठमोऱ्यानंच त्यानं विचारलं, "म्हणजे ते सगळं... माझ्या बायकोबद्दल वगैरे... मी एका बाईला?" नोबुए वाकली, यजमानीण वाकते तेवढीच, आणि दार सरकवलं.

वर येऊन ती सेटपुढं बसली आणि तिला वाटलं, आपण त्याला नुसतं घाबरवलं. तो लावणार नाही. लाजेनं, किंवा बायकोनं जेवायला बोलावलं म्हणून, किंवा आणखी चारजणांना फोन करून, नोबुसानांच्या बिचाऱ्या बायकोचं डोकं फिरलंय असं सांगण्यात त्याची संध्याकाळ जाईल. आणि मग काय राहील? उद्यापासून तिला हवेवर नाव नाही. सरकारचा परवाना तिच्या नावाचा आहे, तो कुणी काढून घेणार नाही; पण परवान्याशी कोण बोलतं? माणूस हाक घालतो ती ओ येण्यासाठी. ओ कायमची बंद झाली तर हा जात्यासारखा जड सेट म्हणजे दोन गड्यांनी वर नेलेला एक दिवा. चकतीवर तिनं बोट ठेवलं. ती फिरली, तशीच सुटी. समोरच्या छपरावर ऊन कौलाकौलानं खाली सरकत होतं. ती कौलं नोबुओची होती. तिनं मनात म्हटलं, तुम्ही खाली या आता. खांब मी बघते.

उन्हं उतरली. तिनं सेटमधल्या आवाजाच्या गाळण्या घट्ट केल्या, बाकीचं सगळं जग बाहेर ठेवलं आणि केसाएवढीच एक फट उघडी ठेवली. हाक घातली. कॉल साइन, मग नाव. एन. ओ. बी. यू. शेवटचा टोला तिनं ओढला, कधी नव्हे इतका ओढला, आणि मग शाळेपासून आजवर कुणाच्या कानी न गेलेला तो एक ठिपका टाकला. मग हात मांडीवर घेतला. ऐकणाऱ्याचा धागा पडद्यावर उमटत नाही. बोलतो त्याचाच उमटतो. अंधारात खांबाआड कोण बसलंय, आहे की नाही, हे बुवालाही दिसत नसे. तो पंखा वर धरून थांबे. तीही थांबली. पडदा काळा ओघळत राहिला.

मग एक धागा उजळला. पट्टीनं आखलेला. पण आज पट्टी हलत होती. पाच नऊ नऊ, तोगाशीनं पाठवलं. ते सगळेच पाठवतात. पहिला आकडा, बोलणं किती समजतं. दुसरा, किती जोरात येतं. तिसरा, सूर किती स्वच्छ. कुणाचं काही समजो न समजो, हवेवर शिष्टाचार म्हणून पाच नऊ नऊच द्यायचं. त्यामागून सवयीनं घसरत आलं, प्रिय ओम नोबु.

तिनं उत्तर दिलं नाही. कळेला बोट लावलं नाही. पंखा वरच राहिला. नानमानदाबु, तिच्या ओठांनी आपले आपण म्हटलं, आणि तिला ते तोगाशीसाठी म्हटल्यासारखं वाटलं.

आठ ठिपके आले. घाईत एकापाठोपाठ. आठ ठिपके म्हणजे चुकलो, खोडा. पुन्हा आठ ठिपके. मग त्यानं सुरुवात केली, आणि या खेपेला ओम नव्हता. नुसतं, प्रिय. मग एन. ओ. बी. यू. तिथं तो थांबला, इतका की तिला पलीकडचं अंजीर, ती खुर्ची, त्या माणसाची खाली गेलेली मान सगळं दिसलं. आणि मग ठिपका पडला. एक. अगदी हलका, दात दुखू नये म्हणून आरशाचं टोक लावावं तसा.

नोबुएनं डोळे पुसले. राग गेला नव्हता, तो कुठं जाणार? पण तो आता उभा न राहता तिच्याशेजारी बसला होता. तिनं कळ हाती घेतली. नमस्कार घातला नाही, ठीक आहे म्हटलं नाही. त्याचा आवाज स्वच्छ येत होता, जोरात येत होता, कसलीच कुरकुर नव्हती, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्याला खरं मोजून दिलं. तीन ठिपके, दोन टोले. तीन: समजतं, पण फार कष्टानं. शेवटचा टोला तिनं सावकाश, मनगट सैल सोडून ओढला. मग चटकन, मोकळ्या मनानं, नऊ नऊ.